आधी पैशांचं बोलू

जनावरांच्या दवाखान्यात माणसं पैशांबद्दल फार हळू आवाजात बोलतात. माणसांच्या इस्पितळात तसं नसतं. तिथे डिपॉझिटवरून, कॅशलेसच्या मंजुरीवरून, खोलीच्या भाड्यावरून काउंटरशी खणखणीत वाद चालतात आणि रांगेतले इतरही त्यात हिरिरीने उतरतात. डोंबिवलीतल्या एखाद्या पेट क्लिनिकमध्ये मात्र संध्याकाळी सातनंतर जाऊन बसा. एका मनगटाला पट्ट्याचा पीळ, दुसऱ्या हातात लसीकरणाचं कार्ड, आणि ‘साधारण किती होतील?’ हा प्रश्न काउंटरवरच्या मुलीपलीकडे कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने विचारलेला.

या कुजबुजीमागे दोन लाजा आहेत आणि त्या एकमेकींच्या उलट आहेत. एक खर्च केल्याची. कुत्र्याच्या आजारपणात आठ हजार गेले हे ऑफिसात, गावी, सोसायटीच्या लिफ्टमध्ये सांगायची चोरी. आकडा निम्मा करून सांगितला जातो आणि तोही ऐकणाऱ्याला जास्तच वाटतो. दुसरी लाज खर्चाला कचरल्याची. ‘झेपत नव्हतं तर आणलंत कशाला?’ असं डॉक्टरच्या मनात येईल ही धास्ती. पहिलीपायी लोक दवाखान्यात उशिरा जातात आणि दुसरीपायी, तिथे गेल्यावर, कशालाच नको म्हणत नाहीत. म्हणून पशुवैद्य निवडताना त्याची यंत्रं, त्याचा एसी, भिंतीवरचे परदेशी कुत्र्यांचे फोटो हे सगळं बघावं, पण त्याआधी हे बघावं की या माणसाशी पैशांबद्दल मोकळ्या गळ्याने बोलता येतं का.

आमच्याकडे खारी नावाची कुत्री आहे. बेकरीतल्या खारीच्या रंगाची म्हणून खारी. जन्म आमच्याच इमारतीच्या मीटर-खोलीत. तिच्या पहिल्या वर्षाचा खर्च आईने कॅलेंडरच्या चौकोनांत लिहून ठेवला होता आणि बेरीज झाल्यावर म्हणाली, "एवढ्यात शेळी आली असती, आणि तिनं दूध तरी दिलं असतं." आईचं लहानपण देवगडकडच्या गावातलं. तिथे गुरांचा डॉक्टर सायकलवरून यायचा, तो बैलासाठी नाहीतर गाभण म्हशीसाठी. कुत्र्यासाठी त्याला कुणी वाटेत थांबवल्याचं तिला आठवत नाही. कुत्रं आजारी पडलं की गवत खाऊन बरं व्हायचं, किंवा व्हायचं नाही. हीच बाई हल्ली दुपारी सगळे झोपले की खारीला तूप लावलेली पोळी घालते आणि डॉक्टरने वजनावरून विचारलं की माझ्याकडे बघते.

आईचं म्हणणं तसं आपल्या साऱ्या पशुवैद्यकाच्या इतिहासाला धरूनच आहे. आपल्याकडे जनावरांचं वैद्यक उभं राहिलं ते कमावत्या जनावरांसाठी. मुंबईत प्राण्यांवरील क्रूरता रोखणारी संस्था १८७४ साली निघाली, आणि त्याच वर्षी शहरात घोड्यांच्या ट्राम सुरू झाल्या. रस्ते ओढणाऱ्या, वाहणाऱ्या, लंगडणाऱ्या जनावरांनी भरलेले होते. सर दिनशा माणेकजी पेटिट यांनी पत्नीच्या नावाने परळला जनावरांचं इस्पितळ उभारलं, तेच बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय. १८८६ साली त्याच्या जोडीला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आलं. जवळच टाटा कॅन्सर रुग्णालय आणि केईएम, आणि त्यांच्याच शेजारात बैलांचं, घोड्यांचं, कुत्र्या-मांजरांचं इस्पितळ. कल्याण-डोंबिवलीच्या जुन्या श्वानप्रेमींना परळ हे तीर्थक्षेत्रासारखं ठाऊक आहे. इकडच्या कुणी हात टेकले की ‘परळला न्या’ म्हणायचे. ओळखीच्या टेम्पोवाल्याला गाठून, सतरंजीवर कुत्रं झोपवून माणसं पहाटे निघायची.

इथे, घराजवळ, काय होतं? कल्याणात म्हशींचे तबेले होते, अजूनही आहेत. तबेल्यावर येणाऱ्या डॉक्टरलाच शेजारपाजारचे लोक आपला मोती नाहीतर टायगर दाखवून घेत. पशुसंवर्धन खात्याचे आणि जिल्हा परिषदेचे दवाखानेही मुळात गुरांसाठी, म्हणून ते खेड्यांच्या बाजूला. शहर वाढून त्यांना चिकटलं ते नंतर. तिथला केसपेपर आजही अगदी किरकोळ पैशांत निघतो आणि रेबीजच्या लशीसाठी तिथे जाण्यात कमीपणा मानायचं काही कारण नाही. पण मांजराच्या मूत्रपिंडाची सोनोग्राफी तिथे मागाल तर तो त्या दवाखान्यावर अन्याय होईल.

मग पंधरा-वीस वर्षांत चित्र पालटलं. घोडबंदर रोडला टॉवर उभे राहिले तसे दवाखानेही आले: एक्स-रे, सोनोग्राफी, रक्ततपासणीचं यंत्र, आत दाखल करून घ्यायला पिंजरे, बाहेर केस कापायचं पार्लर. डोंबिवलीत अजून बहुतांशी गाळाच आहे. एका बाजूला झेरॉक्स, दुसऱ्या बाजूला पोळी-भाजी केंद्र आणि मधे दोनशे चौरस फुटांत एक डॉक्टर, एक मदतनीस, स्टीलचं टेबल. २०२४ साली महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं पाच मजली रुग्णालय सुरू झालं, लहान प्राण्यांसाठी, दोनशेच्या वर खाटांचं. रतन टाटांना आपल्या कुत्र्याच्या सांध्याच्या शस्त्रक्रियेसाठी अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात जावं लागलं होतं, आणि तिथेही उशीरच झाला होता. त्यातून या रुग्णालयाचा विचार आला असं त्यांनी स्वतः सांगितलं होतं. मला या गोष्टीतला एकच भाग पुन्हापुन्हा आठवतो. पैशांची ददात नसलेल्या माणसालाही जे जवळ नव्हतं ते वेळेवर मिळालं नाही.

जवळ असणं म्हणजे काय हे कल्याणच्या खडकपाड्याला राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीला विचारावं. तिचा बोका एका रात्री मातीच्या ट्रेमध्ये सारखा जाऊन बसायला लागला. बसायचा, कण्हायचा, परत यायचा. तिला वाटलं बद्धकोष्ठ. तिने नेहमीच्या डॉक्टरला फोन केला, आणि त्याने दोनच प्रश्न विचारले: नर आहे ना? आणि लघवी शेवटची कधी दिसली? बोक्यांची मूत्रनलिका अरुंद असते, खडे किंवा गाळ अडकून ती तुंबली की एक-दोन दिवसांत जीव जातो. "सकाळपर्यंत थांबू नका, माझ्याकडे रात्री काही सोय नाही, ठाण्याला न्या," असं सांगून त्याने पुढच्या दवाखान्याला स्वतः फोन केला. दोन रिक्षावाल्यांनी टोपली बघून मान हलवली. तिसरा म्हणाला, "मांजर आहे का? चला. कुत्रा असता तर नव्हतो नेत." दुर्गाडीवरून भिवंडी बायपासने रात्री रस्ता मोकळा मिळतो, हाच प्रसंग संध्याकाळी डोंबिवलीत घडता तर शिळफाट्यावर बोका आणि तिकडे नेणारा, दोघेही अडकून पडले असते. नळी घालून लघवी काढली, दोन दिवस ठेवून घेतलं. बिल आलं ते तिच्या महिन्याच्या घरहप्त्याच्या आसपास. पण त्या दवाखान्याने टोपली आत नेण्याआधी अंदाज कागदावर लिहून दिला होता: आज रात्री एवढे, ठेवल्यास रोजचे एवढे, पुन्हा तुंबलं तर एवढे. तिची तक्रार नाही. बोका आता खिडकीत बसतो आणि त्याचं औषधी खाणं तिच्या स्वतःच्या खाण्यापेक्षा महाग आहे.

यावरून मी एक ठरवलं आहे. आपल्या भागात एका डॉक्टरवर भागत नाही. एक हवा घराजवळचा, जनावराला पिल्लू असल्यापासून ओळखणारा, चालत जाता येईल असा. आणि एक दवाखाना हवा लांबचा, यंत्रांचा, रात्री उघडा असणारा. पहिल्याची खरी पारख म्हणजे तो दुसऱ्याकडे कधी पाठवतो. ‘हे माझ्याकडे होणार नाही’ म्हणणारा डॉक्टर गाळ्यात बसलेला असला तरी मोठा. स्वतःच्या टेबलावर सगळं होतं असं सांगणाऱ्याचं मला भय वाटतं, मग त्याचा दवाखाना कितीही चकाचक असो.

खारीचा आजार आला तो पावसाळा सरताना. खाणं सुटलं, हिरड्या पांढुरक्या पडल्या, जिना चढताना मधेच बसायला लागली. तेव्हा आमचा नेहमीचा डॉक्टर गावी गेलेला. ज्या दवाखान्यात गेलो तिथे तिला हात लावण्याआधी तपासण्यांची यादी हातात आली: संपूर्ण रक्त, यकृत, मूत्रपिंड, दोन प्रकारची किट, एक्स-रे, सोनोग्राफी. यादीत चूक काहीच नव्हतं. पण कशानंतर काय आणि कशासाठी, हे विचारल्यावर ‘पॅकेज आहे’ एवढंच उत्तर मिळालं. आम्ही रक्त तेवढं दिलं आणि रिपोर्ट घेऊन दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

त्यांनी आधी खारीच्या कानांच्या मागे, बोटांच्या बेचक्यांत पाहिलं. दोन गोचिडी निघाल्या. रिपोर्टमध्ये प्लेटलेट्स घसरलेल्या. "ताई, गोचीड ताप दिसतोय," त्या म्हणाल्या. "गोचिडीतून रक्तात जंतू जातात, प्लेटलेट्स पडतात, अंगातलं रक्त कमी होतं. दोन जातीचे जंतू आपल्याकडे नेहमीचे. एकावर गोळ्या चालतात, दुसऱ्यावर वेगळं इंजेक्शन. तो दुसरा आहे का एवढं काचेवर रक्ताचा थेंब पसरून बघू, ते स्वस्तात होतं. सोनोग्राफी आज नको. तिच्यात काही दिसलं तरी माझं आजचं औषध बदलणार नाही. चार दिवसांत सुधारली नाही तर करू." मग त्यांनी एका चिठ्ठीवर तीन आकडे लिहिले. औषध, फेरतपासणी, आणि बिघडलंच तर दाखल करण्याचा. आम्ही न विचारता.

या तपासणीने माझं औषध बदलणार आहे का? दवाखान्यात मला शिकायला मिळालेला हा सगळ्यात उपयोगी प्रश्न, आणि तो विचारायला डॉक्टर असावं लागत नाही. चांगला डॉक्टर त्यावर रागावत नाही. कधी तो म्हणतो, हो, बदलणार आहे, आणि मग पैसे देताना हात आखडत नाही.

गोळ्या डॉक्सिसायक्लिनच्या, जवळजवळ महिनाभर. त्या माणसांच्याच मेडिकलमध्ये मिळतात आणि स्वस्त असतात. दुकानदाराने नेहमीच्या सवयीने विचारलं, "पेशंटचं नाव?" मी म्हटलं, खारी. "आडनाव?" मी आमचं सांगितलं. "वय?" चार. त्याने चिठ्ठीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि "चार वर्षांच्या मुलीला हे कुणी दिलं?" म्हणून फोन उचलायला निघाला. दक्ष माणूस. पशुवैद्य माणसांची पुष्कळ औषधं वजनाच्या हिशेबाने लिहून देतात आणि त्यात आपला खर्च खरोखर वाचतो. मात्र हे पाहून आपणच घरच्या डब्यातली गोळी द्यावी असं ज्यांना वाटतं त्यांनी एवढं जाणावं: पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराला मारू शकते आणि आपल्या गुडघेदुखीवरची आयब्युप्रोफेन कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव करते.

आजारपणाचा सगळा हिशेब झाला तेव्हा लक्षात आलं की त्याच्या निम्म्याहून कमी पैशांत वर्षभर गोचिडी दूर ठेवणाऱ्या गोळ्या आल्या असत्या. त्या महाग वाटतात, कारण त्या घेतल्यावर काहीच घडत नाही. लशींचंही तसंच. आपल्या पट्ट्यात लेप्टोची लस टाळू नये. उंदरांच्या मुतातून पावसाच्या पाण्यात येणारा हा रोग कुत्र्यालाच होतो असं नाही. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबई-ठाण्यात माणसं त्याने दगावली होती. कुत्रीची नसबंदी खर्चाची वाटते, पण न केलेल्या कुत्रीच्या गर्भाशयात उतारवयात पू झाला तर तीच शस्त्रक्रिया मध्यरात्री, तापात, दुपटी-तिपटीच्या पैशांत करावी लागते.

पशुवैद्य फार घेतात ही तक्रार मी दर आठवड्याला ऐकते. खरं सांगायचं तर माणसांच्या उपचारांची किंमत आपल्याला ठाऊकच नसते. कुणाचं ईएसआय, कुणाचं सीजीएचएस, कुणाचं कंपनीचं मेडिक्लेम, काहीच नाही तर केईएम किंवा कळव्याचं महापालिकेचं रुग्णालय. मधे कुणीतरी पैसे भरत असतं. जनावराच्या बिलात मधे कुणी नसतं, सगळी किंमत उघडीनागडी समोर येते. एक्स-रेचं यंत्र डॉक्टरला कुत्र्यांसाठी म्हणून कमी दरात मिळत नाही आणि ठाण्यातल्या गाळ्याचं भाडं पेशंट किती पायांचा आहे ते विचारत नाही. सरकारने एवढं केलं आहे की पशुवैद्यकीय दवाखान्याच्या सेवेवर जीएसटी लावलेला नाही. डबाबंद श्वानखाद्यावर मात्र १८ टक्के जीएसटी आहे. आईच्या भात-अंड्याला हा कर लागत नाही, हे तिने ऐकल्यावर तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

आणखी एक खर्च बिलात दिसत नाही. आमच्या रस्त्यावर कानाला खाच असलेली सात-आठ कुत्री आहेत, म्हणजे नसबंदी झालेली. त्यांतलं एखादं गाडीखाली येतं, एखाद्याच्या जखमेत किडे पडतात, आणि खाणं घालणाऱ्या कॉलेजच्या मुली त्याला उचलून दवाखान्यात आणतात. त्यांच्याकडे दोनशे रुपये असतात. डॉक्टर काहीतरी पुटपुटतात आणि जखम धुवायला घेतात. ते पैसे कुठून तरी यायला हवेत; ते खारीच्या फीतून येत असतील तर मला चालेल.

विम्याचं मी पाहिलं. काही सर्वसाधारण विमा कंपन्या कुत्र्यांचा विमा उतरवतात, पण वयाची अट असते, आधीचे आजार धरत नाहीत, नेहमीच्या लशी धरत नाहीत. पिल्लू लहान असेल आणि महागड्या जातीचं असेल तर जरूर वाचून घ्यावा. आमच्या मीटर-खोलीतल्या राजकन्येसाठी मी डोंबिवलीकराला शोभेल असं केलं, सहकारी बँकेत आवर्ती ठेव उघडली. महिन्याला थोडे पडतात. नामनिर्देशनाच्या रकान्यात आईने स्वतःचं नाव घालायला लावलं.

पैशांचं बोलणं सगळ्यात कठीण होतं ते शेवटी. आमच्या मजल्यावरच्या काकांचा लॅब्रेडॉर तेरा वर्षांचा झाला आणि त्याच्या पोटात गाठ निघाली. शस्त्रक्रिया होण्यासारखी होती. काका ठेव मोडायला तयार होते, काकू गप्प होत्या. डॉक्टरांनी आकडा सांगितला आणि पुढे म्हणाले, "एवढे घालून दोन-तीन महिने मिळतील, त्यातला एक टाके भरण्यात जाईल. माझा असता तर मी कापला नसता." दुखणं थांबवणारी औषधं दिली, आणि त्याला उठता येईना तेव्हा घरी येऊन इंजेक्शन दिलं. काकांकडून त्यांनी त्या दिवशी फी घेतली. काका नंतर मला म्हणाले, बरं झालं घेतली, नाहीतर पुढचा कुत्रा त्यांच्याकडे कसा नेला असता.

ज्यांच्या घरी पहिलंच पिल्लू येऊ घातलं आहे त्यांना माझी एक विनंती. जनावर ठणठणीत असताना, नुसते चौकशीला म्हणून दोन-तीन दवाखान्यांत जाऊन या. डॉक्टर महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडे नोंदलेले आहेत का ते बघा. १९८४ च्या कायद्याने स्वतंत्र उपचार करायला ती नोंदणी लागते, पदविकाधारकांना किरकोळ कामं तेवढी आणि तीही नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखाली करता येतात, पेट शॉपवाल्याला तर काहीच नाही. लस कुठे ठेवता ते विचारा. ती दोन ते आठ अंशांत राहायला हवी आणि आपल्याकडे वीज जाते. फ्रीजमध्ये लशीच्या शेजारी दुधाची पिशवी दिसली तर नमस्कार करून निघा. कुपीवरचं लेबल कार्डावर चिकटवून घ्या. नसबंदीचे किती, दाखल केलं तर रोजचे किती, हप्त्याने चालतं का, तिथेच विचारून घ्या. आणि रात्रीच्या दवाखान्याचा नंबर मिळाला की तो एकदा रात्रीच लावून पाहा. पाटीवर चोवीस तास लिहिलेले सगळेच पहाटे तीनला फोन उचलत नाहीत.